पडद्यामागची सातवी

मिनेसोटातल्या एका वाद्यवृंदात चेलोवादकांच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. वीसेक वर्षं दुसऱ्या रांगेत चेलो वाजवणाऱ्या मार्लिसने अर्ज केला. तिच्या शेजारी बसणारा ड्वेन निवड समितीत होता. वशिला चालू नये म्हणून उमेदवारांना पडद्याआडून वाजवायचं होतं.

"काळजी सोड," तो म्हणाला. "पडदा असू दे नाहीतर भिंत, तुझा पहिला सूर मी ओळखणार आणि मत तुलाच देणार."

"उपकार नकोत हं," मार्लिस म्हणाली. "आणि तू काय ओळखणार? स्वरलिपीची पानं उलटण्यापलीकडे तुझं लक्ष असतं कुठे?"

परीक्षेच्या दिवशी उमेदवार एकेक करून पडद्यामागे वाजवून गेले. नाव नाही, नुसता क्रमांक. चौथ्या क्रमांकाचा सूर मऊ होता, इतरांत अलगद मिसळून जाईल असा. ड्वेनने मनाशी खूण बांधली, ही आपली मार्लिस. पण सातव्याने गज ओढला आणि समितीतले सगळे ताठ बसले. त्या सुरामागून अख्खी रांग डोळे मिटून गेली असती. ड्वेनने मनातल्या मनात मैत्रिणीची माफी मागितली आणि सातव्याला मत दिलं.

निकाल सातव्याच्या बाजूने लागला आणि त्या उमेदवाराला पुन्हा पडद्यामागे बोलावलं. पडदा सरकला. खुर्चीत मार्लिस होती.

"तू?" ड्वेन ओरडलाच. "अगं, इतकी वर्षं तुला खेटून बसतोय मी. असं वाजवताना तुला कधी ऐकलंच नाही!"

मार्लिस गज पुसत हसली. "रांगेत बसून मी एकटी ऐकू आले असते, तर इतकी वर्षं मला इथं कुणी ठेवलं असतं का?"