कानामागची गोचीड

नूरबाईतीचा जावई पाहुण्यासारखा राहतच नसे. मिनांग जमातीत घर सासूचं, जावई तिथे पाहुणाच. जावयानं कॉफी प्यावी, मान डोलवावी. यानं आज सासूच्या हातातली लवंग घातलेली पेटती सिगारेटच हिसकावली! तिच्या कानामागे म्हशीची गोचीड चिकटली होती. "चटका दिला की सुटते," ती कडाडली. "चटक्यानं ती आतच ओकते, आई. हलू नका." भुवयांचा चिमटा कातडीलगत टेकवून त्यानं गोचीड न पिळता, सरळ, हळूहळू ओढली. "तोंड आत राहिलं?" "नाही, अख्खी आली." "दाखवा." चष्मा चढवून तिनं बशीतले वळवळते पाय मोजले, पुढचं इवलं काळं टोक निरखलं. असंच टोक गेल्या वर्षी तिच्या बहिणीच्या पाठीत राहिलं असणार. नूरबाईतीनंच चटका दिलेला, महिनाभर चिघळलं होतं. कान साबणानं धुऊन ती म्हणाली, "जावईबापू, तुमचं खरं. पण बहिणीपाशी बोललात, तर जीभही अशीच ओढीन!"