काळ्या शेंगांचा अर्क

बाटली अर्ध्यावर आली होती.

शिवप्रियानं ती खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी व्हॅनिलाच्या काळ्या शेंगा पडल्या होत्या, आटल्या आडात सुटलेल्या दोरासारख्या. महिन्यापूर्वी आजारी आईपाशी ती लोहाऱ्याला गेली, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. आज परतली आणि पिशवी न सोडताच तिनं फळीवरच्या डब्यांमागं हात घातला होता.

मुरुमला ती घरी केक करून विकायची. बाजारचा इसेन्स तिला नको होता. शेंगा भावानं शिरशीकडच्या मळ्यातून धाडल्या. दारूही त्यानंच आणून दिली. शेंगांचा अर्क दारूतच उतरतो. दोन वर्षांपूर्वी पिणं सोडलेल्या नवऱ्याला विचारूनच तिनं ती घरात ठेवली. "ठेव की," शंभुलिंग हसून म्हणाला होता, "माझीबी परीक्षा हुईल." फक्त सासूला कळू द्यायचं नाही, एवढं दोघांचं ठरलं. लेक प्यायचा तेव्हा गंगम्मानं त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"कुणी पिली ही?"

शंभुलिंग दारात चपला काढत होता. त्यानं बाटलीकडं पाहिलं. मग अंगणात पाहिलं. तिथं गंगम्मा पूजेसाठी बेलाची पानं निवडत होती.

"म्या न्हाय..."

"मग काय उंदरांनी पिली?"

पुन्हा एकदा त्याची नजर अंगणात जाऊन आली.

"व्हय. म्याच पिलो."

"गळ्यातलं लिंग हातात घेऊन शपथ घेतली होती तुमी. परत पिलो तर तू जा, असं तुमीच म्हणला होता."

"म्हणलो होतो."

एवढंच. तो भांडला असता, तर ती थांबली असती. जात्यानं दाणा भरडावा आणि घरघर कुणाला ऐकू येऊ नये, तसं तिच्या आत झालं. तिनं उरलेला अर्क मोरीत ओतला. घरभर गोड दरवळ सुटला, लग्नघरात सुटावा तसा. तिनं पिशवी उचलली.

"अगं, आत्ताच आलीस न्हवं?" अंगणात गंगम्मानं तिला अडवलं. "परत कुठं?"

"लोहाऱ्याला, अव्वा."

गंगम्मानं तिचा हात धरला. आवाज बारीक केला. "आईकडं जा बाई, न्हाय म्हणत न्हाय. पर जायच्या आदी ते काळ्या मुळ्यांचं औषध अजून एक बाटली करून ठिव. गुडघ्यावरचं हाय, म्या इचारलं तवा तूच म्हणलीस न्हवं? रोज दोन घोट घेते. लई गुण आला बघ, रात्रभर डोळा उघडत न्हाय. हा शंभू उगं म्हणतोय, नगं घिऊ. त्याला काय कळतंय?"

शिवप्रियानं वळून पाहिलं.

गंगम्माच्या पाठीमागं, दारात, शंभुलिंग हात जोडून उभा होता.