समोरचे ठोके

कापडाची कुंदी करायला, म्हणजे धुतलेलं कापड ठोकून गुळगुळीत करायला, दोघी लागतात. मध्ये दगडावर कापडाची घडी, दोन्ही बाजूंना समोरासमोर सासू-सून आणि दोघींच्या हातांत मिळून चार दांडकी. ओकबुनच्या सासूचा एकच कायदा होता, "मध्येच थांबायचं नाही, सूनबाई. लय चुकली की बोटं फुटतात."

सासूला जाऊन शंभर दिवस झाले होते. तिची दांडकी ओकबुननं सकाळीच चुलीत घातली. मग दुपारी नवऱ्याचा पांढरा झगा दगडावर घेऊन ती एकटीच ठोकायला बसली.

कुंपणापलीकडून शेजारची पिलसून काकी ओरडली, "काय गं, समोर कोणाला बसवलंयस? तिचा हात अगदी तुझ्या सासूसारखा चालतोय!"

"भरदुपारी चढली वाटतं काकी! एकटीच आहे मी."

"मला शिकवू नकोस. चार दांडकी वाजतायत."

ओकबुन हसली. मग तिनं कान दिला.

तिच्या दर दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक ठोका पडत होता. समोरच्या बाजूला, जिथे तिचं दांडकं पोचतही नव्हतं, तिथे झगा दबत होता, पुन्हा फुगत होता.

थांबावंसं वाटलं, पण थांबायचा धीर होईना. समोरचे ठोके भरभर पडू लागले, तशी तीही जीव खाऊन मारू लागली.

"काकी, जरा इकडे येता का?"

"आले गं. पण तिला म्हणावं, जरा दमानं. तुझा हात मागे पडतोय."