खिडकीजवळची कॉट

"सिस्टर, आत घेताय की पेशंटला गाडीतच बरं करू?" ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने कॅज्युअल्टीच्या दारातून विचारलं.

"ट्रॉली नाही," सिस्टर फोन कानाला लावूनच म्हणाली. "रिकामी झाली की पहिला नंबर तुमचा."

"हे मी सकाळीही ऐकलं."

"मीही सकाळपासून हेच बोलतेय."

ड्रायव्हर तिचा नवरा होता. पण हॉस्पिटलच्या आवारात तो ड्रायव्हर आणि ती सिस्टर, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरलं होतं, कारण लोक फार चिडवायचे. पुढे चिडवणारे कंटाळले, सवय मात्र राहिली. त्यामुळे दारातून वळलेली पाठ आपल्याच माणसाची आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या लेखी ती दारातली पहिली गाडी होती. गाडीत दम लागलेली एक बाई होती, आणि ऑक्सिजनचं नळकांडं काही जन्मभर पुरणार नव्हतं.

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर वॉर्डात एकही कॉट मोकळी नाही म्हणून खालची माणसं ट्रॉल्यांवरच पडून होती. ट्रॉल्या अडकल्या म्हणून गाड्यांतली माणसं गाड्यांतच राहिली होती. आणि गाड्या दारात अडकल्या म्हणून गावभरातून फोन येत होते, गाडी का येत नाही. सिस्टरचं सगळ्यांशी भांडून झालं. लॅबवाले म्हणाले, आमचे रिपोर्ट केव्हाच गेले. औषधवाले म्हणाले, आमच्याकडे रांगच नाही. ऑफिसातल्या साहेबांनी तर प्रत्येक विभागाचं काम कसं चोख चाललंय, हे तिलाच समजावून सांगितलं. पायांत गोळे आले होते आणि टेबलावरच्या चहावर कधीची साय धरली होती.

शेवटी वरच्या वॉर्डात बदलीवर आलेली एक नवी नर्स फोनवर सापडली.

"एक कॉट आहे, म्हटली तर रिकामी," ती म्हणाली. "खिडकीजवळची. आजोबांना सकाळीच डिस्चार्ज दिलाय, पण घरचं कोणी न्यायलाच येत नाही."

"मग फोन करा ना त्यांना!"

"केला की. मुलगा उचलतच नाही."

"कशाला उचलेल?" सिस्टरचा आवाज चढला. "दुखलंखुपलं की आणून टाकायचं, आणि बरं झालं की आपण गायब. जनाची नाही, मनाची तरी! थांबा, मीच येते वर."

फोन ठेवेपर्यंत कॅज्युअल्टीतल्या मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. "गाडीतल्या बाईला शेवटचं नळकांडं लावलंय म्हणे."

"कडेच्या ट्रॉलीवरच्या काकांना वर न्यायची तयारी करा. त्यांची ट्रॉली बाईला द्या. मी कॉट मोकळी करून आलेच."

जिना चढता चढता त्या मुलाला काय काय सुनवायचं, हे तिने मनात घोळवून घेतलं. बाप म्हणजे काय सामान वाटलं का, इथून सुरुवात करायची होती. वर पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

खिडकीजवळच्या कॉटवर अण्णा बसले होते. तिचे सासरे. काल ती भेटून गेली तेव्हा त्यांची कॉट दाराशेजारी होती. आता शर्टाची सगळी बटणं लावून, बूट घालून, मांडीवर पिशवी घेऊन ते शहाण्या मुलासारखे बसले होते. चादरीची घडी करून उशाशी ठेवली होती.

"तुम्ही अजून इथेच?"

"आलीस? बैस जरा. किती दमलीस गं."

सकाळी चपला घालता घालता नवरा म्हणाला होता, दुपारपर्यंत मी मोकळा होतो, मग अण्णांना घरी सोडतो. ती बरं म्हणाली होती आणि ते काम तिच्या डोक्यातून उतरलं होतं. तो मोकळा झालाच नव्हता. तिनेच त्याला सकाळपासून दारातून परत पाठवलं होतं.

"मला हाक तरी मारायची, अण्णा. मी खालीच होते."

"तू कामात, तो कामात. म्हटलं, कशाला लुडबुड करा? मी आपला बसलोय इथे, कुणाच्या अध्यात ना मध्यात." अण्णांनी हाताने काच पुसली. "आणि इथून सगळं छान दिसतं."

तिने खाली पाहिलं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. पहिल्या गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि नवरा आत वाकून बाईच्या तोंडावरचा मास्क धरून उभा होता. सकाळी तिनेच इस्त्री केलेला शर्ट त्याच्या पाठीला चिकटला होता. जिन्यात घोळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

तिने पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली, वॉकर पुढे ओढला आणि अण्णांच्या काखेत हात घातला. "चला. उठा."

अण्णा उठले, पण त्यांची नजर खिडकीबाहेरच होती.

"सकाळपासून बघतोय," ते हळहळले. "बिचाऱ्याची गाडी सगळ्यांच्या पुढे, तरी हलत नाही. एवढं कोण अडवून बसलंय, कुणास ठाऊक."