बदाम आहेत?

डेल्बर्टचा अंगठा पत्त्यांच्या एकाच कोपऱ्यावरून फिरत होता. तो कोपरा आता किंचित वर वळला होता. टेबलावर बदामाचे तीन पत्ते उघडे होते. हातात आणखी दोन बदाम असल्याचा, म्हणजे जोडीला सहज हरवणारे पाच बदाम जमल्याचा आव आणून रोंडाने आपल्यापुढचे तीन लाख डॉलर मध्ये सरकवले होते. तिच्याकडे एकही बदाम नव्हता, साधी जोडीसुद्धा नव्हती. तेवढेच पैसे लावायचे की डाव सोडून द्यायचा, हे आता डेल्बर्टने ठरवायचं होतं.

"म्हातारबा, ठरवा लवकर, माझी दाढी पिकली!" टेबलापलीकडचा टेक्सासवाला खेळाडू ओरडला. टीव्हीच्या कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसलं.

डेल्बर्टने तिकडे लक्ष दिलं नाही. रोंडाला त्यानेच आपल्या स्वयंपाकघरात बसवून पोकर शिकवला होता.

"पोरी, विनीच्या हातचं जेवताना बोलतेस ना, तसं सांग. बदाम आहेत?"

थापा मारणं हा या खेळाचाच भाग. रोंडा म्हणाली, "आहेत, डेल."

मग तिला कॅमेऱ्यांची आठवण झाली. अर्ध्या तासाने हाच डाव टीव्हीवर दिसणार होता, आणि पाहणाऱ्यांना प्रत्येकाच्या हातातले पत्ते दिसत. डेल्बर्टची बायको विनी एकही भाग चुकवत नसे. रोंडाचे कान तापले. तिला मान वर करवेना.

बऱ्याच वेळाने डेल्बर्टने आपली राण्यांची जोडी सगळ्यांना दिसेल अशी खाली ठेवली.

"तू पत्ते दाखवायची गरज नाही. विनी नेहमी म्हणते, रोंडा आपल्याशी कधी खोटं बोलायची नाही," तो म्हणाला. "सोडला डाव."