दहा दिवस थांब

विद्यापीठाच्या पर्यावरण मंडळानं आवारातल्या सगळ्या बोअरचं पाणी तपासलं. माळ्यांच्या चाळीतल्या बोअरमध्ये तान्ह्या बाळांना घातक असलेलं नायट्रेट मर्यादेच्या चौपट निघालं. मंडळाची अध्यक्ष शलाका अहवाल घेऊन धावतच मार्गदर्शक सरांकडे गेली.

"मूल्यांकन समिती येतेय. दहा दिवस थांब," सर म्हणाले. "तोवर चकार शब्द काढू नकोस."

मंडळाला पुरस्कार मिळायची चिन्हं होती. शलाका थांबली.

समिती कौतुक करून गेली, त्याच संध्याकाळी तिनं चाळ गाठली. माळीकाकांच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बायका जमल्या होत्या. माळीकाकांच्या सुनेचं, रेणुकाताईचं दोन महिन्यांचं बाळ बोअरच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर होतं. सकाळी ते निळं पडलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेलं.

"डॉक्टर म्हणाले, पाण्यानं झालं," रेणुकाताई म्हणाली. "मी तर पाणी उकळून देत होते हो, ताई."

उकळून नायट्रेट जात नाही, हे शलाकाला ठाऊक होतं.

"आम्ही ते पाणी तपासलं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"कधी?"

शलाकाला दिवस सांगावा लागला.

रेणुकाताईनं बोटांवर मोजलं. "तेव्हा तर तो नुकता हसायला लागला होता," ती म्हणाली.