शुक्रवारचं सूप

माझा नवरा वॉल्टर गेल्यापासून घरी माझ्याशी भांडायला कुणी नाही. म्हणून दर शुक्रवारी मी शिंपल्यांचं सूप करून बॉस्टनच्या कोर्टात, माझ्या न्यायाधीशाच्या दालनात नेते, आणि माझे चार तरुण मदतनीस वकील जेवताना माझ्याशी खटल्यांवरून मनसोक्त भांडतात. न्यायाधीशाकडे वर्षभर राबलेल्या पोरांना बड्या लॉ फर्म रुजू होण्याआधीच घसघशीत बोनस देऊन बांधून घेतात. नियम एकच: ज्याला ज्या फर्मने बांधून घेतलं, तिचा खटला निघाला की त्याने खोलीबाहेर जायचं. आज हार्विन फर्मची फाईल उघडली आणि तिघे वाडगे ठेवून उठले. कॅलम मात्र बसून राहिला. मला बरं वाटलं. “तुला कुणी विकत घेतलं नाही वाटतं,” म्हणत मी त्याच्या वाडग्यात आणखी डावभर ओतलं. “चल, भांड. अपील फेटाळू?” त्याने मान वर केली नाही. “मीही सकाळीच सही केली, मॅडम. सूप तेवढं संपवत होतो.”